चिंचवड सोडून कोल्हापूर: अर्ध्या रिटायरमेंटसाठी घर कुठं करायचं, एक प्रकरण

हे आमच्या ताई-दाजींचं प्रकरण आहे. दोघांना विचारून लिहितोय. नावं घातलेली नाहीत आणि आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसंच आहे. मी ताईचा धाकटा भाऊ, शिवाजी पेठेत राहतो, त्यामुळं घर बघत फिरायचं काम माझ्याकडंच होतं आणि यात जी एक मोठी चूक झाली त्यात माझा पण निम्मा वाटा आहे.

पार्श्वभूमी

दाजी ५७ वर्षांचे, आयुष्यभर कास्टिंगच्या (ओतकामाच्या) क्वालिटीत काम, शेवटची १९ वर्षं भोसरीच्या एका कंपनीत. मार्च २०२४ ला कंपनीनं व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) काढली आणि दाजींनी घेतली. पूर्ण घरी बसायचं नव्हतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या भरपूर, ओळखी जुन्या, महिन्यातनं आठ-दहा दिवस कन्सल्टिंग करायचं आणि उरलेले दिवस आपले, असा हिशोब. ताई ५४ ची, दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते, कोविडपासून बऱ्याचशा ऑनलाइन, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. म्हणजे दोघं पण अर्धे रिटायर, पण ताईचा अर्धा आणि दाजींचा अर्धा वेगवेगळा. हे वाक्य आत्ता लिहितोय, तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मुलगी बेंगळुरूला नोकरीला. दाजींच्या आई ८२ च्या, शाहूपुरीतल्या जुन्या घरात धाकट्या मुलाकडं. दाजींना २०१८ ला एक स्टेंट बसलाय. चिंचवडला स्वतःचा टू बीएचके, कर्ज फिटलेलं.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं अडचण तिथंच असणार. नव्हती. व्हीआरएसच्या पैशातनं ३० लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाकले. बऱ्याच जणांना वाटतं ही स्कीम ६० नंतरच, पण ५५ पूर्ण झालेल्या माणसाला रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडता येतं, फक्त त्या पैशाएवढीच रक्कम आणि जास्तीत जास्त ३० लाख. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार पडतात, टॅक्स त्यातनं जातो तो वेगळा. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची, पेन्शन ५८ नंतर. कन्सल्टिंगचे ३५-४० हजार, ताईचे १२-१३. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जाणार होता म्हणून त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी आधीच करून घेतली, स्टेंटवाल्या माणसानं हे राजीनाम्याच्या आधी करायचं असतं, नंतर नाही.

प्रश्न काय होता

वरवर बघितलं तर सोपा. पुण्यात ट्रॅफिक, खर्च, धूळ, कोल्हापुरात सगळं जवळ, आई आहेत, काम आहे, तर कोल्हापुरात यायचं. पण कोल्हापुरात म्हणजे नक्की कुठं?

दाजींच्या डोक्यात जे कोल्हापूर होतं ते सुट्टीला आलेल्या माणसाचं. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, मग मिसळ, संध्याकाळी रंकाळा, रविवारी तांबडा-पांढरा. मी त्यांना म्हटलं दाजी, मी इथंच राहतो, आणि मी दूध कट्ट्यावर वर्षातनं दोनदा जातो, ते पण पाव्हणे आले की. (स्टेंटवाल्यानं रोज तिथं ग्लास मारायचा का हा वेगळाच विषय, डॉक्टरांनी तो एका वाक्यात संपवला.) ताईच्या डोक्यातलं कोल्हापूर काय होतं हे मात्र कुणी विचारलंच नाही. ती म्हणायची, "तुम्ही ठरवा, मला कुठं पण चालतंय." हे बायकांचं वाक्य आम्ही जसंच्या तसं धरलं.

पर्याय

पहिला, चिंचवडलाच राहायचं आणि दाजींनी महिन्यातनं दोनदा ये-जा करायची. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर एका बाजूला, आणि सातारा ते कागल रस्त्याचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. हे लगेच बाद.

दुसरा, शाहूपुरीचं वडिलोपार्जित घर. निम्मा हिस्सा दाजींचा, वरचा मजला रिकामा, भाडं शून्य, आई खालीच. कागदावर याच्याएवढं भारी काही नाही. पण घर जयंती नाल्याच्या बाजूला. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी, २०२१ ला ५६ च्या वर, परत तेच. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३ हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, जुलै-ऑगस्टात आमच्याकडं लोक क्रिकेटच्या स्कोरसारखं बंधाऱ्याचं फूट-इंच बघतात. सरकारी नकाशात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. दाजींचा भाऊ म्हणतो आमच्या दारात तर दोन वर्षांत दोनदा आला, आमची रेषा कुठली? वरच्या मजल्यावर राहिलं तर पाणी लागत नाही हे खरं, पण तेव्हा लाइट नाही, नळ नाही आणि होडीतनं उतरायचं. साठीकडं जाताना हे नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. भाऊ सोडून.

तिसरा, पन्हाळ्याच्या पायथ्याला जागा घेऊन छोटं घर. हे दाजींचं स्वप्न. गावापासनं वीसेक किलोमीटर, गार हवा, आंब्याची दोन झाडं.

चौथा, आर. के. नगर, मोरेवाडी-पाचगावच्या बाजूचं उपनगर. बंगला भाड्यानं, अंगण, शांतता, गोकुळ शिरगाव जवळ.

पाचवा, गावातच, राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेत लिफ्ट असलेला फ्लॅट. याच्याकडं आम्ही पहिल्या फेरीत नीट बघितलं पण नाही, कारण दाजी म्हणाले, "पाव्हणं, फ्लॅटमधनं उठून फ्लॅटमध्येच जायचं असलं तर चिंचवड काय वाईट हाय?" लॉजिक बरोबर वाटलं. नव्हतं.

निर्णय एक: चिंचवडचा फ्लॅट विकायचा का

दाजींना विकून मोकळं व्हायचं होतं, ती रक्कम पन्हाळ्यात घालायची. इथं मी आडवा पडलो आणि याचं समाधान अजून आहे. घर विकल्यावर कॅपिटल गेनचा टॅक्स वाचवायला दुसरं घर २ वर्षांत घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर ३ वर्षांत, आणि मधल्या काळात रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले नाहीत तर कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीममध्ये ठेवायचे. म्हणजे विकलं की घड्याळ सुरू. कुठं राहायचं हेच ठरलेलं नसताना घड्याळ कशाला चालू करायचं? न विकता भाड्यानं दिला तर घाई नाही, आणि महिना २२ हजार येतात. भाड्यानं दिला. ताईचं मन पण इकडं होतं असं नंतर कळलं, तिला परतीचं दार उघडं पाहिजे होतं.

निर्णय दोन: पन्हाळ्याचं टोकन

एप्रिलमध्ये एका एजंटनं पायथ्याची पाच गुंठ्याची जागा दाखवली. एप्रिलमध्ये. झाडाखाली वारा, समोर गड, दाजी खलास. टोकन एक लाख, दुसऱ्याच दिवशी द्यायचं. कागद बघितले तर शेतजमीन, एनए (बिगरशेती) नाही, पाच गुंठ्याचा वेगळा सातबारा होणार नाही, बाकीच्या पाच-सहा जणांबरोबर सामाईक नाव लागेल, "सगळे असंच घेतात" असं एजंटचं म्हणणं. मी दाजींना एवढंच म्हटलं की जागा कुठं पळत नाही, जुलैत येऊन तीन आठवडे राहून बघा, मग टोकन द्या.

याच भागात एका मित्राचं फार्महाउस होतं, तिथं ६ जुलैपासनं दोघं राहिले. जुलै २०२४ चा पाऊस आठवत असेल, महिन्याच्या शेवटी पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली. एकवीस दिवसांत ताईच्या १२ क्लासपैकी ५ बुडाले, कधी लाइट नाही, कधी रेंज नाही, एकदा दोन्ही असून इन्व्हर्टर संपलेला. कपडे वाळायचे नाहीत, भिंतीला बुरशी. दाजींना एका रात्री छातीत जळजळ झाली, ॲसिडिटीच होती, पण धुक्यात गाडी काढून दवाखान्यात पोचायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात पन्हाळ्याचा विषय संपला. २०२१ च्या पावसात गडावर जायचा मुख्य रस्ताच खचला होता हे दाजींना माहीत होतं की, पण तेव्हा ते चिंचवडला बसून बातमी बघत होते.

या सगळ्या प्रकरणात पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा या तीन आठवड्यांनी दिला. खर्च झाला तो फक्त किराण्याचा आणि मित्राला दिलेल्या एका जेवणाचा.

निर्णय तीन: आर. के. नगर, आणि इथं चुकलं

ऑक्टोबर २०२४ ला आर. के. नगरच्या पुढं बंगल्याचा तळमजला घेतला, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, रीतसर रजिस्टर केलेलं, भाडं १४ हजार. चाफा, पेरू, मागं मोकळी जागा. दाजी खूश, मी खूश. ताईनं घर बघून फक्त एक प्रश्न विचारला, "भाजी कुठं मिळती?" मी म्हटलं गाडीवरनं दहा मिनिटं. तिला गाडी येत नाही, सायकल सोडून काहीच येत नाही, हे मला लहानपणापासनं माहीत आहे, तरी मी असं उत्तर दिलं.

पहिले दोन महिने मस्त गेले. डिसेंबरनंतर ताईचा फोन यायचा तो लांबायला लागला. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दिवसातनं दोनदा. चिंचवडला तिचा दिवस भरलेला होता, सकाळी योगा, सोसायटीतल्या बायका, खाली उतरलं की भाजी, गिरणी, टेलर, मेडिकल, बँक सगळं चालत. इथं दाजी सकाळी गाडी घेऊन फाउंड्रीत गेले की ती अडकली. रिक्षा आतपर्यंत यायला तयार नाही, आली तर परतीचं भाडं धरून सांगणार. सिटी बस आहे, पण तिच्या टायमाला नाही. शेजारचे दोन बंगले बंद, मालक परदेशात. घर महापालिकेच्या हद्दीबाहेर, मार्चपासनं पाणी एक दिवस आड, कधी त्याहून उशिरा, एप्रिल-मेमध्ये टँकर. टँकरवाल्याला फोन करणं, गेट उघडणं, टाकी बघणं हे पण ताईच्याच अंगावर.

अजून एक गोष्ट. कोल्हापूरच्या बाजूनं जी कारणं आम्ही मांडली होती त्यात ताईचं म्हणून एकच होतं, नाटक. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहच जळालं. शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलेलं पॅलेस थिएटर, आणि जळालं ते केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अख्खं गाव हळहळलं. पण तिच्या खात्यातलं ते एकमेव कारण गेलं तेव्हा आम्ही दुसरं काय ठेवलं तिथं? काहीच नाही.

जानेवारीच्या शेवटी मी तिला म्हटलं तू जरा वहीत लिहून ठेव, किती वेळा बाहेर पडतीस. तिनं म्हटलं लिहायला कशाला पाहिजे, नोव्हेंबरपासनं एकटी ११ वेळा. तीन महिन्यांत. मोजून ठेवलेलं तिनं, आम्ही विचारायच्या आधीच.

फेब्रुवारीत दाजींच्या आई शाहूपुरीत बाथरूममध्ये घसरल्या. भाऊ कामावर, दाजी शिरोलीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. ताईला निरोप मिळाला, आणि रिक्षा मिळवून पोचायला तिला पन्नास मिनिटं लागली. नशिबानं मनगटावर निभावलं. पण त्या रात्री ताई पहिल्यांदा स्पष्ट बोलली. "अहो, तुमचं रिटायरमेंट झालं, माझी बदली झाली." दाजी गप्प. मी पण.

परत पर्याय बघितले

यावेळी आधी ताईला विचारलं. तिनं यादी सांगितली नाही, तिनं तिचा मंगळवार सांगितला. सकाळी चालायला जागा, नऊला भाजी, अकराला बँक किंवा टेलर, दुपारी आईंकडं चक्कर, साडेसहाला लाइट आणि नेट. हे सगळं चालत किंवा तीस रुपयांच्या रिक्षात झालं पाहिजे.

गाडी शिकायचा पर्याय पण घेतला बरं का. ॲक्टिव्हावर दोन आठवडे प्रयत्न झाला, उतारावर पडली, गुडघा सुजला, पुढं नको. चारचाकी ठेवून ड्रायव्हर ठेवायचा हा दाजींचा तोडगा, महिना बारा-पंधरा हजार, कशाला तर भाजी आणायला. ताराबाई पार्क सुंदर पण भाडं जास्त आणि काही भाग पुराच्या जवळ. मंगळवार पेठेत फ्लॅट आवडला पण लिफ्ट नाही, तिसरा मजला. शेवटी राजारामपुरीत आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्ट, भाडं १७ हजार. एक महिन्याची नोटीस देऊन जून २०२५ ला हलले. घरमालकानं रंगाचे म्हणून डिपॉझिटमधनं आठ हजार कापले, ॲग्रीमेंटमध्ये तसं लिहिलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

काय झालं

खर्च सांगतो. चिंचवडला स्वतःच्या घरात महिना ६२ हजार जायचे. कोल्हापुरात भाडं धरून ४५ मध्ये भागेल असा अंदाज होता. आर. के. नगरला ५४ गेले, कारण पेट्रोलच साडेसहा हजार, टँकर, आणि बाहेरनं मागवलेलं जेवण. राजारामपुरीत भाडं तीन हजारांनी जास्त असून ५१ वर आलं. स्वस्त म्हणून गावाबाहेर जाणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

ताई आता दिवसातनं दोन-तीनदा बाहेर पडते, वहीत लिहायची गरज नाही. गल्लीतल्या चार पोरांना समोर बसवून शिकवते, ऑनलाइन निम्मं केलंय. आईंकडं आठवड्यातनं तीनदा जाते. पुण्याच्या मैत्रिणींकडं वंदे भारतनं दोनदा जाऊन आली, आठवड्यातनं तीनच दिवस असते पण तिला चालते.

दाजींचं मात्र थोडं कमी झालंय, हे पण लिहायला पाहिजे. चाफा गेला, पार्किंगची रोज कटकट, आणि गणपतीत राजारामपुरी म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्टात आगमनाच्या मिरवणुकीला साउंड सिस्टिमनं खिडकीची तावदानं थरथरत होती, स्टेंटवाला माणूस कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसलेला. विसर्जनाचे दोन दिवस ते आमच्याकडं शिवाजी पेठेत आले. आमच्याकडं काय शांतता असती होय, पण निदान खोली आतल्या बाजूला आहे. यंदा त्या आठवड्यात बेंगळुरूला जायचं ठरलंय.

परत करायचं झालं तर

जुलैचे तीन आठवडे जसे पन्हाळ्याला राहिलो तसे आर. के. नगरला राहायला पाहिजे होते. आम्ही पावसाची परीक्षा घेतली आणि एकट्या माणसाच्या दुपारची घेतलीच नाही. दोघांपैकी जो गाडी चालवत नाही त्यानं, दुसरा घरात नसताना, एक आठवडा तिथं काढायचा, एवढं केलं असतं तर ऑक्टोबरमध्येच कळलं असतं.

दुसरं, "मला कुठं पण चालतंय" याला होकार धरलं. मी तिचा सख्खा भाऊ, मला तरी कळायला हवं होतं, ती लहानपणी जेवणात काय पाहिजे विचारलं तरी हेच म्हणायची आणि मग नुसती भाकरी खाऊन उठायची.

भाड्यानं राहिलो हे बरोबर केलं. बंगला विकत घेतला असता तर फेब्रुवारीतलं ते बोलणं वर्षभर लांबलं असतं, आणि बाहेर पडायला स्टॅम्प ड्युटीसकट सगळं बुडवून पडायला लागलं असतं. दाजींचं मत वेगळं आहे. ते म्हणतात विकत घेतलं असतं तर ताईनं जमवून घेतलं असतं. ताई म्हणते तेच तर.

मेमध्ये राजारामपुरीचं ॲग्रीमेंट संपतंय, वाढवायचं ठरलंय. चिंचवडचा भाडेकरू चांगला आहे, तिथं हात लावायचा नाही. राहिलं शाहूपुरीचं घर. आईंना वर्षभरात इकडं आणायचं म्हणजे दोघा भावांत हिस्स्याचा कागद व्हायला पाहिजे, म्हणजे त्यातनं काहीतरी निघेल. दाजींनी दोनदा विषय काढला. भाऊ म्हणतो, पावसाळा होऊ दे, मग बघू. २०२१ पासनं तो हेच म्हणतोय.